देवाला आणायचं कसं? – ग्रीक स्तोत्रं आणि धवलेरीचं गाणं

(पालघर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागे आवाज येतोय ना? येतोय. बरं. बोईसर-डहाणूकडून लोकलने आलेली मंडळी बरीच दिसतायत, तेव्हा गाडीचं भान ठेवून बोलते.

विषय जाहीर झाला तेव्हा एका मैत्रिणीचा फोन आला. म्हणाली, बोईसरला बसून ग्रीक स्तोत्रं? एमआयडीसीत कोण ऐकणार? (हशा) मी तिला म्हटलं, ग्रीक माणसं आपल्याकडे आधी येऊन गेलीत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाचं प्रवास-पुस्तक आहे, ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखतात, त्यात सुप्पारा म्हणून बंदर येतं. म्हणजे आपलं सोपारा. आज पालघर जिल्ह्यात आहे ते. तेव्हा ती माणसं आपल्या किनाऱ्याला गलबतं लावत होती, आणि वादळात सापडल्यावर ती काही गप्प बसत नसणार, आपापल्या देवाला हाका मारतच असणार. हा झाला गमतीचा भाग. पण आजचा प्रश्न तोच आहे. हाक कशी मारतात?

एक आधीच सांगते. मला ग्रीक येत नाही. लोएब मालिकेतलं हिरव्या कव्हराचं पुस्तक आहे, डावीकडे ग्रीक, उजवीकडे इंग्रजी. 2003 साली निघालेली एम. एल. वेस्ट यांची आवृत्ती. ते आणि आणखी दोन भाषांतरं शेजारी ठेवून मी वाचलं. तेव्हा ग्रीक शब्दांच्या नादाबद्दल मी बोलणार नाही. रचनेबद्दल बोलीन. रचना भाषांतरातूनही बरीचशी कळते.

ही स्तोत्रं होमरच्या नावावर आहेत, त्याची नाहीत. वेगवेगळ्या काळातल्या वेगवेगळ्या कवींची आहेत, होमरच्या महाकाव्यांच्याच वृत्तात रचलेली. संख्या तेहतीस. त्यातली चार बऱ्यापैकी लांब आहेत: डिमिटरचं, अपोलोचं, हर्मिसचं आणि ॲफ्रोडायटीचं. हर्मिसचं सर्वांत मोठं, पाचशे ऐंशी ओळींचं. आणि डिमिटरचंच आणखी एक आहे ते फक्त तीन ओळींचं.

आता खरं बोलायचं तर, पहिल्यांदा वाचताना कंटाळा आला. लहान स्तोत्रांत तर काही घडतच नाही. देवाचं नाव, त्याची दोन-चार बिरुदं, आईबापाचं नाव, तो कुठे राहतो, आणि निरोप. संपलं. कविता कुठाय? मी मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलं, माझ्या डोक्यात कविता म्हणजे काहीतरी नवीन सांगणारी, नवी प्रतिमा आणणारी. इथे तर सगळं ठरलेलं. ठरलेल्या जागी ठरलेलं विशेषण.

पण मग स्वतःलाच विचारलं, गणपतीत आपण रांगेने आरत्या म्हणतो, त्यात नवीन काय असतं? पन्नास वर्षं तेच शब्द. कुणी म्हणतं का, यंदा जरा प्रतिमा बदला? (हशा) उलट एखाद्याने कडवं गाळलं तर घरातली म्हातारी माणसं टाळ्या थांबवतात. घरी गेल्यावर एक करून बघा. आरतीतला बोलणारा कुठे उभा आहे ते बघा. बऱ्याच आरत्यांत तो आधी देवाविषयी बोलतो, तो असा दिसतो, असा वागतो. आणि मग कुठेतरी, आपल्या लक्षातही येत नाही इतक्या सहज, तो वळतो आणि ‘देवा’ म्हणतो. तिऱ्हाइताबद्दल चाललेलं बोलणं समोरच्याशी चालू होतं.

एदुआर्द नॉर्डेन नावाचे जर्मन पंडित होते. 1913 साली त्यांचं पुस्तक आलं, त्यात त्यांनी प्राचीन स्तुतिकाव्याच्या शैली वेगळ्या करून दाखवल्या. एक ‘तू’ची शैली, एक ‘तो’ची, आणि एक ‘जो’ची, म्हणजे देवाचं नाव घेतलं की लगेच ‘जो अमुक करतो, ज्याने तमुक केलं’ अशी वाक्यांची माळ सुरू होते. आपल्याला हे काही नवीन वाटणार नाही, आपली अर्धी स्तोत्रं ‘जो’वर चालतात. पण होमरच्या नावावरची स्तोत्रं एकापाठोपाठ एक वाचली तेव्हा मला या शैलींपेक्षा त्यांच्या क्रमाचं जास्त वाटलं. बहुतेक स्तोत्रं ‘तो’ने किंवा ‘ती’ने सुरू होतात: अमक्या देवीचं मी गाणार आहे. मग ‘जी’ येते आणि ‘जी’च्या मागून गोष्ट येते. आणि शेवटच्या दोन-तीन ओळींत कवी एकदम ‘तू’वर येतो.

म्हणजे काय झालं? सुरुवातीला देव इथे नव्हता. त्याच्याबद्दल बोलायला लागत होतं. शेवटी त्याच्याशी बोलता येतंय. मधल्या वेळात तो आलाय. मधली सगळी बिरुदं आणि गोष्टी हा त्याच्या येण्याचा रस्ता आहे. हे लक्षात आल्यावर तीन ओळींचं स्तोत्रही मला अपुरं वाटेनासं झालं. रस्ता लहान आहे, एवढंच.

आणि त्या शेवटच्या ओळीतला शब्द बघा. ‘खायरे.’ ग्रीक लोक भेटल्यावर हाच म्हणायचे आणि निघताना हाच. मूळ अर्थ ‘आनंदात राहा, प्रसन्न हो’. त्यामुळे भाषांतरकारांची पंचाईत. काही जण स्वागताचा शब्द घालतात, काही निरोपाचा. मला वाटतं मराठी माणसाला यात अडचण येऊ नये. आपण निघताना ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हटलं की आई रागावते. गणपती बुडवतानाही पुढच्या वर्षीचं आमंत्रण देतो. ग्रीक कवीही शेवटी देवाला सांगतो की मी तुझी आठवण ठेवीन आणि आणखीही गाईन. निरोप आणि आमंत्रण एकाच दमात.

आता माझी चूक सांगते, कारण आजचं व्याख्यान खरं त्या चुकीतून आलंय.

पुष्कळ वर्षांपूर्वी बोईसरच्या पूर्वेला एका पाड्यावर वारली लग्नाला गेले होते. इथे बरेच जण जाणते आहेत, पण बाहेरचेही हे व्याख्यान वाचतील म्हणून थोडक्यात सांगते. वारली लग्नात लग्न लावते ती धवलेरी. बाई असते ती. भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी. ज्याला जग आज वारली चित्रकला म्हणून ओळखतं, जी गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांच्या हाताने कागदावर आणि मग देशोदेशी गेली, तिचं मूळ काम हे. आणि धवलेरी गाते. चित्र सगळ्यांनी पाहिलंय, उशांच्या अभ्य्रांवरसुद्धा पाहिलंय. गाणं किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. … सात-आठ. म्हणजे पालघरातसुद्धा सात-आठ.

मी टेपरेकॉर्डर घेऊन गेले होते. आजी गात होत्या, एक ओळ त्या म्हणायच्या आणि सोबतच्या दोघी ती उचलायच्या. तासभर. घरी येऊन मी लिहून काढायला बसले. आणि काय केलं? देवांच्या नावांची जी लांबच लांब ओळ होती, धरतरी, गावतरी, कणसरी, हिमाय, नारनदेव, हिरवा, वाघदेव, मग डोंगरांची नावं, मग पाड्यापाड्याचे देव, आणि प्रत्येकाला तीच ओळ पुन्हा, फक्त नाव बदललेलं, ती मी गाळली. पहिली दोन लिहिली आणि पुढे टिंबं टिंबं टिंबं, ‘इत्यादी’. एका अंकात ते छापूनही आलं. सुटसुटीत झालं म्हणून कौतुकही झालं.

पुढच्या खेपेला मी ते आजींना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, बाकीचे कुठे आहेत? मी म्हटलं, कोण बाकीचे? त्या म्हणाल्या, ज्यांना बोलावलंच नाही ते. बाहेर उभे असतील की.

मी त्यांना सांगू लागले की वाचणाऱ्याला तेच तेच नको असतं. मध्येच थांबले, कारण मला आपल्याच घरचं लग्न आठवलं. पत्रिका वाटताना आपण म्हणतो का, की दोन काकांना दिली, बाकीच्यांना इत्यादी? (हशा) आपण प्रत्येकाच्या दारात जातो, तेच वाक्य म्हणतो, तशीच अक्षत देतो. कंटाळा येतो, तरी करतो. न गेलेलं एक घर दहा वर्षं लक्षात ठेवतं.

तेव्हा माझं म्हणणं असं. अशा गाण्यांतली यादी आणि पुनरुक्ती आपण कवितेच्या पातळीवरचा दोष किंवा फार तर अलंकार म्हणून बघतो. ती दोन्ही नाही. ते काम आहे. बिरूद म्हणजे पत्ता. नुसतं ‘पाटील’ लिहून पत्र पोचत नाही, कुठले, कुणाचे, कुठल्या आळीतले हे लिहावं लागतं. अपोलो म्हटलं तर डेलॉसचा की डेल्फीचा? दूरवर बाण मारणारा, रोगराई पाठवणारा, की वीणा वाजवणारा? चुकीच्या पत्त्यावर गेलेली हाक धोक्याची. म्हणून ग्रीक प्रार्थनांत पुष्कळदा पर्याय देतात: तू या डोंगरावर असशील किंवा त्या, या नावाने तुला आवडत असेल किंवा त्या.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने दाखवून दिलं की होमरची ठरलेली विशेषणं ही तोंडी रचणाऱ्या गायकाची सोय असते, वृत्तातली जागा भरायला. 1933 ते 35 मध्ये त्याने युगोस्लाव्हियात जाऊन जिवंत गायक ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केले. पुढे त्याचा सहकारी अल्बर्ट लॉर्ड याने 1960 मध्ये त्यावर मोठं पुस्तक लिहिलं. मला पॅरी मान्य आहे. पण तो महाकाव्याबद्दल बोलतोय. युद्धाच्या वर्णनात अमका वीर पायाने चपळ आहे हे तो बसलेला असतानाही म्हटलं जातं, तिथे ती सोय आहे. स्तोत्रात तेच विशेषण देवाच्या तोंडावर म्हणायचं असतं, आणि तो ऐकतोय असं म्हणणाऱ्याला वाटत असतं. शब्द तोच, पण वजन बदलतं. ऑर्फिक स्तोत्रं म्हणून आणखी एक संग्रह आहे, बराच नंतरचा, सत्याऐंशी स्तोत्रांचा. त्यात जवळजवळ गोष्टच नाही. बिरुदांची रांग, शेवटी लहानशी मागणी. आणि बहुतेकांच्या डोक्यावर लिहिलेलं, कुठला धूप घालायचा ते. कुठे लोबान, कुठे बोळ. हो, आपल्याकडे बाळंतिणीला देतात तोच बोळ. तो संग्रह कविता म्हणून वाचला तर अगदी रटाळ. धूप पेटवून, रात्री, समोर माणसं बसलेली असताना म्हटला तर? ते आपल्याला आता कळायला मार्ग नाही. पण ज्याने धवलेरी ऐकली तो रटाळ म्हणायला जरा थांबेल.

लांब स्तोत्रांकडे येऊ. अपोलोच्या स्तोत्रात लीटो गरोदर आहे आणि बाळंत व्हायला जागा शोधतेय. कवी ठिकाणांची मोठी यादी देतो, बेटं, डोंगर, भूशिरं, पंचवीस-तीस तरी नावं असतील. कुणीच तिला घ्यायला तयार नाही, सगळे घाबरलेत. शेवटी डेलॉस. खडकाळ, दरिद्री बेट. पण तेही लगेच हो म्हणत नाही. त्याला भीती ही की एवढा मोठा देव इथे जन्मला, त्याने हे ओसाड बेट बघितलं, नाक मुरडलं आणि लाथ मारून मला समुद्रात ढकललं तर? म्हणून डेलॉस आधी शपथ घ्यायला लावते, की पहिलं देऊळ तो इथेच बांधील. लीटो शपथ घेते, मग पुढचं.

मी हे वर्गात शिकवलं तेव्हा तारापूरकडची एक मुलगी म्हणाली, मॅडम, डेलॉस हुशार होती, आधी लिहून घेतलं. (हशा) हसायचं आहे खरं, पण अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली हे तिच्या घरात रोजचं बोलणं होतं. मोठं काहीतरी आपल्या गावात येणार म्हटल्यावर लहान गावाला काय वाटतं, हे तिला टीकाकारांपेक्षा लवकर कळलं. यादीचा अर्थही तिथेच लागतो. पंचवीस ठिकाणांनी नकार दिल्यावरच एकाच्या होकाराला किंमत येते. ती नावं गाळून ‘अनेक ठिकाणी फिरली’ असं लिहिलं की डेलॉसही गेली.

आता डिमिटर. माझं सर्वांत आवडतं. तुम्हाला गोष्ट ठाऊक असेल. धान्याची देवी, तिची लेक पर्सेफनी फुलं वेचताना पाताळाचा राजा हेडीस तिला उचलून नेतो, बापाच्या म्हणजे झ्यूसच्या संमतीने. हे लक्षात घ्या, बापाने परस्पर लग्न ठरवलंय. आईला विचारलेलं नाही, मुलीलाही नाही. आई नऊ दिवस मशाली घेऊन हिंडते. मग म्हातारीचं रूप घेऊन इल्यूसिस गावात विहिरीपाशी बसते. पाणी भरायला आलेल्या मुली तिला घरी नेतात. आणि इथे कविता जी संथ होते! देवांचा राजा काय करतोय, पाताळात काय चाललंय, काही नाही. एक घर. म्हातारी उंच आसनावर बसत नाही, साध्या स्टुलावर बसते. काही खात नाही, बोलत नाही. इयांबी नावाची मोलकरीण थट्टामस्करी करते तेव्हा कुठे हसते. दारू नको म्हणते, सातूचं पीठ, पाणी आणि पुदिन्यासारखी एक पाती घालून केलेलं पेय मागते. घरातलं तान्हं मूल सांभाळायला घेते. दुःखात बुडालेल्या बाईला बायका जसं सांभाळतात, बसवतात, हसवतात, काहीतरी प्यायला लावतात, हातात मूल देतात, तसंच्या तसं.

आणि दुष्काळ? सगळी मानवजात संपायची वेळ येते, तो भाग मोजक्या ओळींत उरकलाय. कवीला दुष्काळ दाखवायचा नाही. त्याला हे दाखवायचंय की ही बाई संपावर गेली आहे. हो, संपच. पेरलेलं उगवू देत नाही. आणि मग देवांची पंचाईत होते, कारण माणसं मेली तर नैवेद्य कोण दाखवणार? झ्यूस एकामागून एक सगळे देव तिची समजूत काढायला पाठवतो. ती हलत नाही. शेवटी मुलगी परत येते, पण डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो, म्हणून वर्षाचा एक तृतीयांश खाली, दोन तृतीयांश आईपाशी. तडजोड. संपात होते तशी.

इथे एक मोह होतो आणि तो टाळायला हवा. आपल्याकडे कणसरी आहे. नावातच कणीस. धान्याची देवी. भात झोडून झाला की भगत घांगळी वाजवत तिची कथा गातो. मग म्हणायचं, बघा, डिमिटर म्हणजेच कणसरी! जेम्स फ्रेझरने ‘गोल्डन बाऊ’मध्ये जगभरच्या धान्यदेवता अशाच एका माळेत ओवल्या, आणि वाचताना मजा येते, पण शेवटी सगळ्या एकीसारख्या दिसू लागतात. प्रत्येकीचं गाव, घर, राग जातो. शेती करणारी माणसं धान्याला देवी मानतात यात शोध काय लागला? मी गोष्टी जुळवत नाहीये. गोष्टी जुळतातच, जुळवणं सोपं असतं. माझं लक्ष आहे बोलण्याच्या रीतीवर. नवं धान्य समोर रचलेलं आहे आणि ज्याने ते खायचं त्याने आधी देवीची सगळी हकीकत ऐकायची आहे. तिला काय सोसावं लागलं ते माहीत नसताना घास घ्यायचा नाही. डिमिटरच्या स्तोत्राचा रोख मला तसाच वाटतो. आणि हे फ्रेझरच्या माळेत मला सापडलं नाही.

फरकही मोठे आहेत, ते झाकू नयेत. ग्रीक स्तोत्रं स्पर्धेत गायली जायची. काही कवी शेवटी देवाकडे सरळ विजय मागतात. धवलेरी कुणाशी स्पर्धा करत नाही. ग्रीक कवी देवाची खुशाल टिंगल करतो. हर्मिस सकाळी जन्मतो, दुपारी कासवाच्या पाठीची वीणा बनवतो, संध्याकाळी अपोलोच्या पन्नास गाई चोरतो, आणि पावलांवरून पत्ता लागू नये म्हणून त्यांना उलट्या चालवत नेतो. पकडल्यावर दुपट्यात शिरून म्हणतो, मी तर तान्हा, मला गाय म्हणजे काय तेही ठाऊक नाही! अपोलोसुद्धा हसतो. शेवटी भांडण मिटतं ते त्या वीणेमुळे. वाद्य कसं जन्मलं याची गोष्ट देवाच्या स्तोत्रात. घांगळीचे दोन भोपळे बघताना मला ते कासव दरवेळी आठवतं, त्याला इलाज नाही.

आणि दुसरा फरक, हसण्यासारखा नाही. वारली लग्नाच्या गाण्यातली मागणी काय असते? घर भरो, पोरंबाळं होवोत, धान्य येवो. ती मागणी कुठल्या जमिनीवर उभं राहून होत होती हे या जिल्ह्यातल्या माणसाने विसरू नये. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलं की नवराबायको दोघंही त्याच्याकडे राबायला बांधली जायची. ‘लग्नगडी’ म्हणत त्याला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ते सगळं आहे, 1945 च्या उठावासकट. म्हणजे धवलेरी रात्रभर पालघट देवीला बोलावून सौभाग्य मागायची आणि उजाडल्यावर ते जोडपं दुसऱ्याच्या दावणीला. त्या गाण्याला ‘निसर्गाशी एकरूप जीवनाचा आविष्कार’ वगैरे म्हणणारी प्रस्तावना मी वाचली की मला राग येतो. तिथे निकड होती. ज्याच्याकडे दाद मागायला दुसरं कुणी नाही, त्याच्या हाकेत एकही नाव गाळून चालत नाही.

आता हे टिकतं कसं, याबद्दल थोडं सांगून थांबते. क्रीटमध्ये पालेकास्त्रो इथे 1904 साली एक शिळा मिळाली. तिच्यावर तरुण देवाला बोलावणारं स्तोत्र आहे. ये, आणि आमच्या कळपांसाठी, शेतांसाठी, जहाजांसाठी, नव्या नागरिकांसाठी उडी मार, असं. पुन्हा पुन्हा तेच मागणं, नाव तेवढं बदलतं. कोरणाऱ्याने ते शिळेच्या दोन्ही बाजूंना कोरलंय, कारण एका बाजूला चुका फार झाल्या. चूक झाली म्हणून पुन्हा अख्खं कोरलं, इत्यादी नाही केलं! डेल्फीला एका इमारतीच्या भिंतीवर दोन स्तोत्रं सापडली, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, त्यांत शब्दांच्या वर स्वरांच्या खुणा आहेत. चालीसकट देव बोलावलाय. होमरी स्तोत्रांची मात्र चाल गेली.

आणि डिमिटरचं ते सुंदर स्तोत्र फक्त एकाच हस्तलिखितात उरलं. ते 1777 मध्ये मॉस्कोत सापडलं, आता हॉलंडमध्ये लायडनला आहे. त्यातलं एक पान फाटलेलं आहे. आणि फाटलंय कुठे? मुलगी पाताळातून वर येते, आई धावत सुटते, मुलगी रथातून उडी मारते, आई तिला जवळ घेते आणि विचारते, तिथे काही खाल्लंस का? बरोबर त्या ठिकाणी. तिथल्या ओळी अर्ध्या अर्ध्या आहेत. पंडितांनी कंसात शब्द घालून त्या भरून काढल्यात. मी वाचते तेव्हा कंस वगळून, फाटकंच वाचते.

प्रश्न आहे का कुणाचा? हां, बोला. … प्रश्न असा आहे की मग मराठीत आणताना काय करायचं, अख्खी यादी दिली तर पुस्तक वाचणार कोण? बरोबर आहे. मलाही ठाऊक नाही कोण वाचेल. पण हल्ली दहा मिनिटांच्या रंगमंचीय कार्यक्रमात धवलेरीचं गाणं बसवतात. बसणाऱ्यांची त्यात काही चूक नाही, त्यांना वेळच तेवढा देतात. निदान छापताना तरी तो हिशोब लावू नये. कागदाला लोकल पकडायची नसते.

आणखी एक प्रश्न, आजींचं पुढे काय झालं? आजी आता नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला गाळलेला भाग पुन्हा म्हणून दिला. लग्न नव्हतं, चौक नव्हता, म्हणून आधी तयार नव्हत्या. उगाच बोलावून देवांना काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. मग म्हणाल्या, लिही, पण शेवटी मी त्यांना परत जायला सांगते, तेही लिही. ते मी लिहिलंय. पहिल्या वेळच्या टेपवर तो भाग नव्हताच, कारण मी टेप आधीच बंद केली होती.

बरं, सव्वाआठ झाले. येते.